धुऱ्यापलीकडची आग

‘झालं गेलं विसरून जा’ असं गोजरबाईला सांगणारे गावात पुष्कळ होते. एक तिचा नवरा सोडला, तर त्यांतल्या कोणाचाही बैल जळाला नव्हता.

धामणगाव बढ्याच्या अलीकडे एका फाट्यावरून आत वळलं की हे गाव लागतं. गावाच्या अगदी कडेला तिच्या नवऱ्याचं, शेषरावचं घर. घराच्या मागं गोठा, गोठ्याच्या मागं उकिरडा, आणि उकिरडा संपला की शेजारच्या कारभारीच्या कपाशीच्या वावराचा बांध. बांधाला इकडे धुरा म्हणतात. या घरात गोजरबाई सून म्हणून आली आणि याच घरात तिचे केस पिकले. बाई ठेंगणी, आवाज बसका, चाल भरभर. भांडण तिच्या स्वभावातच नव्हतं, आणि तीच खरी अडचण होती. भांडखोर बाई परवडते. ती चार घरं ऐकतील अशी ओरडते, नवस फेडल्यासारखी शांत होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच घरी विरजण मागायला जाते. गोजरबाई ओरडत नसे. ती पोटात ठेवायची, आणि तिच्या पोटात ठेवलेलं काही नासत नसे.

तिनं जे पोटात ठेवलं होतं ते असं.

कपाशीचा शेवटचा वेचा झाला की उरलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटून ढीग लावायचे आणि पेटवून द्यायचे, ही इकडची जुनी रीत. शहाणा माणूस ढीग पेटवतो तो वारं पडल्यावर, आणि वावराच्या मधोमध. कारभारी शहाणा होता, पण त्याला वेळ नव्हता. गावातला मोठा जमीनदार, एकेकाळचा सरपंच. त्याच्या घाईला वारंसुद्धा थांबेल असा त्याचा समज. चैत्रातल्या भर दुपारी त्यानं धुऱ्यालगतचे ढीग पेटवून दिले आणि तो जेवायला घरी गेला. वारं वळलं. आग धुरा ओलांडून गोजरबाईच्या कडब्यावर पडली आणि कडब्यावरून गोठ्यात शिरली. आत मोऱ्या आणि चांद्या बांधलेले होते. गोजरबाई घरात डाळ निवडत बसली होती. ती धावली तेव्हा बैलांनी हिसके देऊन देऊन दाव्याच्या गाठी दगडासारख्या आवळल्या होत्या. एक गाठ सुटेना म्हणून तिनं दातांनी धरली. लोकांनी तिला ओढून बाहेर काढलं. मोऱ्या लगेच गेला. चांद्या मात्र संध्याकाळपर्यंत जिवंत होता, आणि संध्याकाळपर्यंत ती त्याच्या डोक्याशी बसून होती.

शेषराव त्या दिवशी मलकापूरला गेला होता. तो आला तेव्हा गोठा जळून गेला होता. तो डोक्याला हात लावून जो ओट्यावर बसला, तो दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला तरी तसाच बसून होता.

पंचनाम्याला कारभारी सगळ्यांच्या आधी हजर. धुतलेले कपडे, हळहळलेला चेहरा. कोणी विचारायच्या आतच तो बोलला, आणि बोलला तेही किती मायेनं.

“वहिनीनं सकाळी चुलीतली राख उकिरड्यावर टाकली असंल. राखीत इस्तो राह्यला. बाईमानूस हाये, होतं असं. त्याईले कोनी बोलू नोका.”

चोराच्या उलट्या बोंबा सगळ्यांना ठाऊक आहेत. ही चोराची उलटी सांत्वना होती, आणि बोंबेपेक्षा सांत्वना जास्त लागू पडते. गोजरबाईनं सांगितलं की पाणी मारून विस्तव विझवल्याशिवाय ती राख उकिरड्यावर कधी टाकतच नाही. तिच्या आईनं लावलेली सवय आहे, हात आपोआप तांब्याकडे जातो. पण हातांना पट्ट्या बांधलेल्या, डोळे सुजलेले, अशा बाईचं कोण ऐकतो? धुऱ्यालगतच्या ढिगांची राख रातोरात नांगरटीत गेली होती. कारभारीचा शब्द कागदावर चढला आणि गावाच्या तोंडीही. गोजरीच्या हातून बैल जळाले.

मारणाऱ्याचे हात धरता येतात, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. त्यातून शेतकऱ्याच्या गावात बैल हातून मरणं म्हणजे काही भांडं फुटणं नव्हे. त्या वर्षी पोळा आला. तोरणाखालून बैल सुटले आणि घरोघरी पूजेला निघाले. गोजरबाई पुरणाचा नैवेद्य, कुंकू, आरती घेऊन दारात उभी. शेजारच्या घरापर्यंत बैल आले, मालकानं कासरा ओढला आणि ते वळवले. मागच्यानं तेच केलं. तिसऱ्याला तर विचारच करावा लागला नाही, कारण आता रीतच पडली होती. जिच्या हातून बैल मेले तिच्या हातचं कुंकू बैलाला लावायचं नाही. नैवेद्य तिनं शेवटी शेजारच्या गाईला घातला. त्यानंतर कुठल्याच पोळ्याला तिच्या दारी बैल आला नाही, आणि शेषरावनं नवी जोडी घेतली नाही. पोरांनी तिला नाव ठेवलं राखवाली. पोरं मोठी झाली, नाव तेच राहिलं.

गोजरबाईनं डूख धरला. तोंडानं अवाक्षर नाही. पण कारभारीच्या मुलीच्या लग्नाला सगळं गाव जेवलं आणि ही घरी कोरडी भाकरी खाऊन बसली. रोज सकाळी ती मागच्या दारी येऊन कारभारीच्या वावराकडे तोंड करून चूळ भरायची. ऐन थंडीत, तापानं फणफणत असतानासुद्धा तिनं चूळ दुसऱ्या दिशेला टाकली नाही. शेषराव म्हणायचा, जाऊ दे वं, आपल्या वावरात जायची वाट त्याच्या वावरातून हाये. ती दुसऱ्या दिवशी चूळ तिकडेच टाकायची. तिला कारभारीचं वाईट व्हायला नको होतं. त्याचं वाईट झालं असतं तर लोकांनी त्याची कीवच केली असती. तिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. गावासमोर, त्याच्याच आवाजात, आग माझी होती एवढंच. त्यासाठी ती मरायची थांबली होती म्हटलं तरी चालेल.

अशी काही वर्षं गेली, आणि बुलढाण्याहून योगिनी मॅडम आल्या.

त्या रस्त्यांच्या इंजिनियर. वय लहान, बोलणं सरळ, गाडी स्वतः चालवत येणाऱ्या. त्यांनी बचत गटाच्या बायकांना शाळेच्या व्हरांड्यात बसवून समजावलं. डांबरी रस्त्यात नुसती खडी आणि डांबर नसतं. खडीच्या मधल्या फटी बुजवायला दगडाची पिठासारखी भुकटी घालावी लागते, तिच्यानं डांबर घट्ट धरतं. त्या भुकटीतला काही हिस्सा काढून त्या जागी पऱ्हाटीची राख घातली तर कसं होतं, हे एका कॉलेजात तपासून झालं होतं. आता खऱ्या रस्त्यावर बघायचं होतं. फाट्यापासून शाळेपर्यंतचा तुकडा त्यासाठी मिळाला होता. विटांची बंद भट्टी बांधून मिळणार. बायकांनी पऱ्हाटी जाळायची, राख चाळायची, मलकापूरजवळच्या डांबराच्या प्लांटवर पाठवायची.

बायका मागं सरकल्या. राखेचा धंदा! चूल, होळी आणि मसण, राख एवढ्याच ठिकाणची. ती घरी आणून तिच्यावर पोट भरायचं म्हणजे अवदसेला पाट मांडून बसवण्यासारखं. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, की आपल्याकडं राखवाली आहे की. दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या.

गोजरबाई उठून उभी राहिली आणि मॅडमना म्हणाली की मी करते.

घरी जाताना गटाची अध्यक्ष गीताबाई तिच्या मागं मागं आली. गीताबाई हसणाऱ्यांत नव्हती, पण अडवणाऱ्यांतही नव्हती, म्हणून तिला जरा लागलं होतं. ती म्हणाली, बाई, काऊन त्या राखेच्या नादी लागून राह्यली, लोक अजून बोलतील. गोजरबाई थांबली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा मनातलं बोलली.

“राखीचं नाव देलं ना मले? मंग तेच राख या गावाच्या पायाखाली घालते. रोज तुडवा म्हनावं. कारभारी पहिले तुडवीन, त्याचं फाटक रस्त्यावरच हाये.”

गीताबाई दुसऱ्या दिवसापासून कामावर आली. सुडाच्या कामाला सोबत लवकर मिळते, हे गोजरबाईला तेव्हा कळलं.

भट्टी बांधली. पऱ्हाटी गावात काय कमी? लोकांनी फुकट आणून टाकली. गोजरबाईनं एका माणसाची मात्र घेतली नाही. कारभारीचा गडी बैलगाडी भरून घेऊन आला तर तिनं ती भट्टीपाशी उतरूच दिली नाही, जागा नाही म्हणाली. जागा एवढी होती की गाडी तिथंच वळून परत गेली.

पहिली खेप तयार झाली. राख दिसायला कशी, नुसती गव्हाच्या पिठासारखी. पोती भरून प्लांटवर गेली, आणि तिसऱ्या प्रहरी परत आली. मॅडमही सोबत आल्या, चिडलेल्या. पोतं उघडून त्यांनी राखेचे गोळे बाहेर काढले. ही ओली कशी झाली? उकळत्या डांबरात ओली राख पडली की ते फसफसून वर येतं, आणि गोळ्यात डांबर शिरत नाही. रस्ता तिथंच सुटतो. कोणी पाणी घातलं?

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी घातलं म्हणजे? सगळ्यांनीच घातलं होतं. राख उचलायची तर आधी तिच्यावर पाण्याचा हबका मारायचा, हे काय कोणी शिकवावं लागतं? आत विस्तव राहिला असेल, उडून डोळ्यांत जाईल. गावातली कुठलीही बाई हेच करेल. मॅडमनी डोकं धरलं. भट्टीची राख दोन दिवस तशीच निवू द्यायची, पाण्याचा थेंब नको, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं.

दुसऱ्या खेपेला गोजरबाई भट्टीच्या तोंडाशी बसली. डोळ्यांत तेल घालून ती बाकीच्यांवर लक्ष ठेवत होती आणि त्याच वेळी तिचा स्वतःचा हात तांब्याकडे गेला. गीताबाईनं मनगट धरलं. थोड्या वेळानं पुन्हा गेला. पुन्हा धरलं. शेवटी तांब्याच घरी पाठवून दिला, तर बाई रिकाम्या ओंजळीनं हबका मारायला लागली. सगळ्या हसल्या, गोजरबाईसुद्धा. मग गीताबाईचं हसू हळूहळू ओसरलं. तिनं तो हात आपल्या हातात उलटा करून पाहिला, दाव्यानं भाजलेल्या खुणांसकट. ती म्हणाली की बाई, तुझा हात तर पाण्याबिगर राखेले लागतच नाही.

गोजरबाई म्हणाली की हे मी पंचनाम्यातही सांगितलं होतं.

बायकांच्या मनात खडा पडला, पण बायकांच्या मनातल्या खड्यानं पुरुषांच्या गावात पोळा बदलत नाही. हाताची साक्ष कोण धरतो? गोजरबाईला ते माहीत होतं. तिला साक्ष नकोच होती, तिला कबुली हवी होती.

रस्ता झाला. मॅडमच्या मापानं राख पडली, रोलर फिरला, आणि फाट्यापासून शाळेपर्यंत काळाभोर पट्टा उन्हात चमकायला लागला. कारभारीच्या फाटकासमोरचा भाग होत होता तेव्हा गोजरबाई मुद्दाम तिथं जाऊन उभी राहिली. खोटं कशाला सांगा, आदल्या दिवशी तिच्या मनात पाप आलं होतं. फाटकासमोरच्या तुकड्याला जाणाऱ्या तेवढ्या पोत्यांत वावरातली काळी माती मिसळून द्यावी. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं फाटते. पहिल्या पावसातच फाटकासमोर खड्डा पडेल आणि कारभारी आपल्या पांढऱ्या धोतरानिशी त्यात आपटेल. ती मातीचं घमेलंसुद्धा भरून आली होती. मग ते तिनं रिकामं केलं. दया आली म्हणून नव्हे. खड्डा पडला असता तर गाव म्हणालं असतं, राखेनं रस्ता खाल्ला, राखवालीनं घात केला. आणखी एकदा बोल तिच्याच राखेवर आला असता.

पावसाळाभर ती रोज त्या पट्ट्यावरून चालत गेली, खाली बघत. रस्ता टिकला. कारभारी रोज सकाळी फाट्यावर चहाला जायचा, तिच्या राखेवरून चपला वाजवत. ती ओट्यावरून बघायची. मनाला बरं वाटायचं, पण पोट भरत नव्हतं. तुडवणाऱ्याला कळलंच नाही की तो काय तुडवतो आहे, तर त्यात सूड कसला?

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम पुन्हा आल्या, तेव्हा शाळेपासून पार दुसऱ्या गावापर्यंतचा रस्ता मंजूर होता. राख पुष्कळ लागणार होती. आता राख अशुभ राहिली नव्हती. पैसा दिसला की अवदसेची लक्ष्मी व्हायला वेळ लागत नाही. आणि सगळ्यात जास्त पऱ्हाटी कोणाकडे? कारभारीकडे. त्यानं भट्टीबिट्टीच्या भानगडीत न पडता नेहमीसारखे वावरातच ढीग पेटवले, राख खराट्यानं गोळा करून पोती भरली आणि सभेच्या दिवशी ती पोती शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला लावून ठेवली. स्वतः पुढच्या खुर्चीत. अर्धं गाव जमलं होतं. शेषरावही मागं खांबाला टेकून उभा होता.

मॅडमनी त्याच्या पोत्यातली चिमूट घेतली, तळहातावर पसरली, शेजारी गटाची राख पसरली. एक काळपट, एक पांढुरकी. त्या म्हणाल्या की वावरातली राख चालणार नाही. एक तर तिच्यात माती येते, आणि दुसरं म्हणजे उघड्यावरची आग मंद असते. पऱ्हाटी अर्धवट जळते, कोळसा राहतो. भट्टीतलीच राख लागेल.

मॅडम नियम सांगत होत्या. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण कारभारीची मान ताठ झाली. राख ती राख, भट्टीतली काय अन् वावरातली काय, असं तो म्हणाला. आमच्या आज्यापासून आम्ही जाळून राह्यलो, आमाले आग शिकवता का? मॅडमनी पुन्हा शांतपणे तेच सांगितलं. उघड्यावर ताव राहत नाही.

बायकांच्या घोळक्यात बसलेली गोजरबाई हे ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं जे दार ती धडका मारून उघडू पाहत होती, ते आतून किलकिलं झालेलं तिला दिसलं. ती उठली. पदर नीट केला. आवाज असा काढला की जणू कारभारीचीच बाजू घेते आहे.

“मॅडम खरं सांगून राह्यल्या, भाऊ. तुमच्या आगीत कुठं एवढा दम हाये? तुमची आग कधी धुऱ्याच्या अल्याड आली नाही. तुमीच तं सांगतलं होतं पंचायले.”

मागं कोणीतरी खुदकन हसलं. सगळ्या आयुष्यात कारभारीला सगळं म्हणून झालं होतं, पण दम नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. आणि तेही एका बाईनं, त्यातून राखवालीनं, शहरातल्या मॅडमसमोर. तो खुर्चीतून उठला. रागात माणसाला जे सगळ्यात मोठं आठवतं तेच तो फेकून मारतो.

“माही आग मंद? मॅडम, हिलेच इचारा. माह्या धुऱ्यावरून नुसती एक झळ गेली, तं हिचा गोठा अर्ध्या घंट्यात बसला. पत्रे वाकले पत्रे. अन् म्हने दम नाही.”

कोणाच्या तरी हातातला फोन वाजला, त्यानं तो घाईघाईनं बंद केला. मॅडम इकडून तिकडे बघत राहिल्या. त्यांना कळेना की आगीच्या तापमानावर एवढी शांतता कशाला. कारभारीला मात्र कळलं. त्याचं तोंड उघडं होतं ते मिटलं. मग तो म्हणाला की मी आपलं उदाहरण दिलं, बोलण्याच्या ओघात माणूस बोलतो.

“बसा भाऊ,” गोजरबाई म्हणाली. “पुरं सांगा. मंग माह्या राखीत इस्तो होता का नव्हता?”

तो पोत्यांकडे गेला, जणू पोती उचलूनच निघणार. पण दारात गीताबाई उभी होती, तिच्या शेजारी गटाच्या बाकीच्या, आणि कोणी बाजूला होईना. त्यानं पुरुषांकडे पाहिलं. ज्यांनी ज्यांनी पोळ्याला कासरा वळवला होता ते सगळे खाली फरशीकडे बघत होते. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून बोलला, की नव्हता. आग माही होती. झालं समाधान?

“नाही झालं,” गोजरबाई म्हणाली. “पन आता जा तुमी.”

बायकांनी वाट दिली. पोती तिथंच राहिली.

मग जे व्हायचं ते झालं. गीताबाई रडली. एका म्हाताऱ्यानं येऊन हात जोडले आणि यंदा पोळ्याला आधी तुझ्या दारी आणतो म्हणाला. गोजरबाईनं मान हलवली, त्याला हो म्हणायचं की नाही हे तिनं ठरवलं नव्हतं. तिला आनंद झाला होता का? झाला होता, खूप झाला होता. भूक लागल्यावर पहिला घास जातो तसा. ती एकटीच घरी आली आणि चुलीपुढं बसली. मॅडम आणि बाकीचे लोक शाळेतच थांबले होते, रस्त्याचं बोलणं अजून व्हायचं होतं.

शेषराव तिच्या मागोमाग आला. त्याचा चेहरा खुलला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतः चहा ठेवला, कपात ओतून तिच्यापुढं सरकवला, आणि तिच्या शेजारी टेकून बसला. तो म्हणाला की बरं झालं वं, फिटलं एकदाचं. त्याला तिला अजून काहीतरी द्यायचं होतं, या दिवसाला शोभेल असं. मग तो म्हणाला,

“मले तं तवाच माहीत होतं, तुही चूक नाही म्हनून.”

गोजरबाईनं कप तोंडाला लावला होता. तो खाली ठेवला. कसं माहीत होतं, असं तिनं विचारलं. साध्या आवाजात विचारलं, म्हणून त्याला काही कळलं नाही. त्यानं सांगितलं. मलकापूरहून येताना तो फाट्यावर उतरला आणि नाल्याच्या टेकाडावरून पायी येत होता. तिथून सगळं वावर दिसतं. कारभारीच्या धुऱ्यावरचा ढीग पेटलेला त्यानं पाहिला, वारं वळलेलं पाहिलं, आग कडब्यावर पडलेली पाहिली. तो धावत सुटला, पण पोहोचेपर्यंत उशीर झाला.

मग पंचनाम्यात, असं ती म्हणाली आणि थांबली.

तो म्हणाला की पाण्यात राहून माशाशी वैर कसं करतं माणूस? वाट त्याच्या वावरातून. त्यानं वाट बंद केली असती तर आपण वावरात कुठून गेलो असतो? बैल तर गेलेच होते, बोलून काय परत येणार होते? आणि तुला तर मी कधी एका शब्दानं बोललो नाही, सांग बरं, बोललो का?

नव्हता बोलला. हेच तर होतं. दर पोळ्याला ती दार लावून आत बसायची आणि हा माणूस तिच्या शेजारी बसून तंबाखू मळायचा, जाऊ दे म्हणायचा. रात्री रात्री ती स्वतःलाच विचारायची, की खरंच राहिला असेल का एखादा विस्तव? पाणी नीट पडलं नसेल का त्या दिवशी? एकदा तिनं हे त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, कोनाले माहीत. कारभारी तर परका. त्यानं आपली कातडी वाचवली. तिनं इतकी वर्षं चूळ भरली ती परक्याच्या दिशेनं.

ती उठली. खुंटीवरची शेषरावची टोपी काढली आणि त्याच्यापुढं धरली.

“चाला.”

“कुठं?”

“शाळेत. लोक हायेत अजून. तुमी काय पाह्यलं अन् काऊन बोलले नाही, थे सांगा. माह्यापुढं सांगतलं तसं, सगळ्याईपुढं.”

त्याचा चेहरा उतरला. आता काय गरज आहे, असं तो म्हणाला. कारभारीनं कबूल केलं, झालं की. ती टोपी धरून उभीच. त्यानं चहाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्या तोंडावर राग नव्हता, असता तर तो तिला समजावू शकला असता.

“लोक मले काय म्हनतील वं?”

“मले काय म्हनत होते, थे तुमी आयकलं हाये.”

त्यानं टोपी घेतली. घालताना ती तिरकी बसली, ती त्यानं सरळ केली नाही. दोघं रस्त्यावर आले. डांबर तापलेलं होतं आणि शाळेकडून बोलण्याचा आवाज येत होता. तो पुढं चालत होता, सावकाश, आणि ती त्याच्या मागं, तो मधेच कुठं वळू नये म्हणून.